डेथ स्ट्रँडिंग: बर्फाच्या डोंगरात माल शाबूत कसा नेता? रूट कसा आखता ते सांगा

वाळपईचो_पोर्टर
नमस्कार मंडळी, हा पाठीवर माल घेऊन पोचवायचा गेम मी २०२२ च्या डिसेंबरात एपिकच्या ऑनलाइन स्टोअरवर फुकट मिळाला तेव्हाच घेऊन ठेवलेला पण लॅपटॉप नवीन आल्यावर आत्ता खरा सुरू केला, आणि आता पार अडकलोय. गेममधल्या लेक नॉट सिटी या शहराच्या बाजूची सपाट जागा आवडली, रस्ते बांधले, ट्रक फिरवला, सगळं मस्त चाललेलं, पण माउंटन नॉट सिटीच्या वर बर्फात गेलो की माझा एकही नाजूक माल धड पोचत नाही. परवा रात्री तीनदा तीच ऑर्डर घेतली. पहिल्यांदा उतारावरून घसरलो, माझ्या अगोदर माल खाली. दुसऱ्यांदा वादळ आलं, समोर पांढरं सोडून काही दिसेना, बॅटरी संपली, स्टॅमिना संपला. तिसऱ्यांदा जवळजवळ पोचलेलो आणि लाईट गेली, हे मात्र गेमचं नाही आमच्या सत्तरी तालुक्याच्या पावसाचं.

आणि सगळे म्हणतात या गेममध्ये दुसऱ्या लोकांच्या शिड्या दोर पूल मिळतात, मला डोंगरात कोणाचंच काही दिसत नाही, एक काठीसुद्धा नाही. मी नक्की काय चुकतोय? रूट आखायचा म्हणजे तुम्ही नक्की काय करता, मॅपवर रेघ मारता की अंदाजाने जाता? स्टोरी कृपा करून फोडू नका, मी पाचव्या भागात आहे.

काणकोण_नाईट_ओल
माल किती किलो घेतलेला ते सांग आधी.

वाळपईचो_पोर्टर
११० च्या आसपास. लिमिट १२० दाखवत होतं म्हणून घेतला, एका फेरीत दोन ऑर्डरी होतील असं वाटलं. अंगात साधाच सूट, पॉवर स्केलेटन (पायाला लावायचा बॅटरीवरचा सांगाडा) लावलेलं नव्हतं, ते जड वाटलं म्हणून खोलीत ठेवून आलेलो.

फोंड्याची_नकाशेवाली
इथेच आहे तुझी पहिली चूक आणि ती आम्ही सगळ्यांनी केलेली आहे. १२० म्हणजे सॅम, आपला गेममधला पोर्टर, तेवढं उचलू शकतो, तेवढं घेऊन डोंगर चढू शकतो असा त्याचा अर्थ नाही. लिमिटच्या जवळ गेलास की प्रत्येक दगडावर तो डुलतो, दोन्ही ट्रिगर दाबून धरले तर तोल सांभाळतो पण चाल अर्धी होते, आणि बर्फात चाल अर्धी झाली की वादळात सापडायची शक्यता दुप्पट. मी डोंगरात स्केलेटनशिवाय ७० च्या वर जात नाही, हा माझा स्वतःचा नियम, गेमचा नाही. ऑल टेरेन स्केलेटन जड वाटतं पण बर्फात तेच घालायचं, खोल बर्फात पाय रुततात ना तिथे फरक लगेच कळतो.

आता रूट. मी दोनशे तासांच्या वर खेळलेय, दोनदा पूर्ण केला, पीएस फोरवर २०१९ च्या नोव्हेंबरात आला तेव्हा एकदा आणि नंतर डायरेक्टर्स कट. माझी पद्धत सांगते, लांब होईल, चहा घेऊन बस.

मॅप उघडलास की तो वरून सपाट बघू नको. तिरका कर, फिरव, जमीन कशी उठते ते बघ. वरून बघितलं की ए पासून बी पर्यंत सरळ रेघ मारावीशी वाटते आणि ती रेघ नेमकी कड्यावरून जाते. तिरका केलास की दोन डोंगरांच्या मधली खिंड दिसते. मी नेहमी खिंड आधी शोधते, मग खिंडीपर्यंत चढायचा सगळ्यात लांब पण सगळ्यात हळू उतार शोधते, आणि तिथे तिथे मार्कर टाकते. ते मार्कर नंतर चालताना उजेडाच्या खांबासारखे लांबून दिसतात, धुक्यात सुद्धा दिशा चुकत नाही. आमच्या चोर्ला घाटाचा रस्ता बघ, कोणी सरळ वर नेलेला नाही, वळणं घेत घेत नेलाय, कारण जड गाडी सरळ चढत नाही. तुझ्या पाठीवर तीच जड गाडी आहे असं समज.

दुसरं, चढ बघू नको उतार बघ. चढताना माणूस सावकाश असतो म्हणून सांभाळतो, माल तुटतो तो परतीच्या किंवा पलीकडच्या उतारावर. म्हणून रूट मी उलटा आखते. जिथे पोचायचं तिथून मागे मागे येते, शेवटचे दोनशे मीटर कसे उतरणार ते आधी ठरवते. तिथे कडा असेल तर क्लायम्बिंग अँकर बरोबर घेतलाच पाहिजे, दोर सोडून उतरलं की तोल जायचा प्रश्नच नाही.

तिसरं, हवामान. मॅपवर पावसाचा अंदाज दिसतो, पुढच्या काही मिनिटांत टाइमफॉल, म्हणजे लागेल ते जुनं करून टाकणारा पाऊस, कुठे सरकणार ते कळतं. बरेच जण बघतच नाहीत. मी दहा मिनिटं खोलीत बसून राहिलेय फक्त ढग जाऊ दे म्हणून.

पर्वरी_पार्सल
ताईंनी सगळं बरोबर सांगितलंय. मी गेममध्ये नवीन, चाळीस तास झाले असतील, पण पार्सल पोचवायचं काम खरोखरचं करतो, पर्वरी गिरी म्हापसा हा माझा पट्टा, सात वर्षं झाली. त्यामुळे दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

बॅग उंच होऊ देऊ नको. आम्ही बाइकवर बॅग भरताना जड खाली, हलकं वर, आणि शेवटी द्यायचं ते आधी भरायचं. गेममध्ये ऑटो अरेंजचं बटण आहे ते बऱ्यापैकी बरोबर लावतं पण ते दाबल्यावर एकदा नजर टाक, कारण पाठीवरची थप्पी उंच झाली की सॅमचा तोल वरून जातो, वळताना जास्त. मी थोडा माल खांद्याला कमरेला लावतो, पाठ बुटकी ठेवतो. आमच्याकडे पाडेली माडावर चढताना कोयता कुठे लावतो बघितलास ना, कमरेला मागे, हात मोकळे. तसंच.

दुसरं पावसाचं. टाइमफॉल आधी कंटेनर खातो, मग आतला माल. रिपेअर स्प्रे फक्त कंटेनर नीट करतो, आतल्या मालाचं नुकसान झालं की झालं, ते परत येत नाही. हे मला खूप उशिरा कळलं, मी मारतोय स्प्रे मारतोय आणि टक्के तिथेच. म्हणून स्प्रे कंटेनर पूर्ण गंजायच्या आधी मारायचा. आमच्याकडे पोदेर जून महिन्यात पाव कसे आणतो, टोपलीवर निळं प्लास्टिक पाऊस पडायच्या आधी टाकलेलं असतं, भिजल्यावर टाकून काय उपयोग, पाव गेला.

वाळपईचो_पोर्टर
हे स्प्रेचं मला माहीतच नव्हतं!! मी शेवटी शेवटी मारत होतो. देव बरें करूं दादा.

मडगावकर८९
माझं मत वेगळं आहे आणि ते मांडतो. एवढं सगळं डोकं लावायची गरज नाही, झिपलाइन (खांबाखांबांमधल्या तारेवरून सरकत जायचं) मिळाली की डोंगर संपला. एकमेकांपासून ३०० मीटरच्या आत ठेवायच्या, लेव्हल दोन केली की ३५०, मध्ये दगड डोंगर आडवा नको, बस. मी माउंटन नॉट सिटीतून सगळ्या प्रेपर्सकडे, म्हणजे डोंगरात एकटे राहणाऱ्या लोकांकडे, अशी जाळी टाकलीय की आता पाय बर्फाला लागत नाही. प्रीमियम ऑर्डरी पण तशाच करतो. उगाच मुलाला चालायला लावू नका.

फोंड्याची_नकाशेवाली
मडगावकर तुमची जाळी चांगलीच असणार त्याबद्दल वाद नाही. पण तो पाचव्या भागात आहे आणि एका झिपलाइनला ५०० बँडविड्थ (किती वस्तू बांधता येतील त्याचा कोटा) जाते. त्याच्याकडे अजून प्रेपर्सची स्टार वाढलेली नाहीत, म्हणजे बँडविड्थ कमी. पाच सहा ठेवल्या की संपली, मग जनरेटर ठेवायला जागा नाही, शेल्टर नाही. आणि झिपलाइन कुठे ठेवायची हे कळायला तो डोंगर एकदा तरी पायाने चाललेला असावा लागतो. मी पहिल्यांदा न चालता ठेवल्या, मॅप बघून, दोन ठिकाणी मध्ये सुळका आला, दोन्ही मोडून परत बांधल्या.

मडगावकर८९
हे मान्य. मी पण पहिल्या तीन चुकवल्याच होत्या. पण एक गोष्ट सांगतो जी कोणी सांगत नाही, झिपलाइन एका ओळीत ठेवू नका. एक खांब उंचावर असा निवडा ज्याला तीन चार बाजूंना लाइन जोडता येईल. एका उंच खांबाने दोन वेगळ्या वाटांचं काम होतं, म्हणजे पाचशे बँडविड्थ वाचली. मी असा एक खांब शोधायला पूर्ण संध्याकाळ घालवली आणि त्याचं समाधान मला एस रँकपेक्षा, म्हणजे सगळ्यात वरच्या ग्रेडपेक्षा, जास्त आहे.

डिचोलीचा_टिपरवाला
ट्रकबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमचे बाबा खाणीवर टिपर चालवायचे, डिचोली तालुक्यात तुम्हाला माहीतच आहे घराघरात कोणाचा ना कोणाचा ट्रक होता. २०१२ ला खाणी बंद झाल्या, नंतर थोड्या चालल्या आणि २०१८ ला परत बंद, तेव्हा बाबांनी गाडी विकली. आता घरी असतात. मी गेम खेळताना मागे बसून बघतात, पहिल्या पहिल्यांदा म्हणायचे ह्या माणसाला दुसरा धंदा नाही काय. एक दिवस मी ट्रक घेऊन खडकाळ चढावर अडकलो, गाडी तिरकी घातलेली, मागचं चाक हवेत. बाबा खुर्चीवरून उठून आले आणि म्हणाले आडवी घालू नको रे, भरलेली गाडी कधी आडवी घालायची नाही, नाक सरळ चढाला लाव आणि थांबू नको, थांबलास की गेलास. तसं केलं, चढली.

त्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून रूट आखतो. ते मॅप बघून सांगतात इथे गाडी जाईल इथे जाणार नाही, आणि दहातले नऊ वेळा बरोबर असतं. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली ती तुझ्या कामाची आहे: गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत गाडीने जा आणि तिथून चाल, पण गाडी लावताना तोंड परतीच्या दिशेला करून लाव. गेममध्ये परत येताना मागे बीटी (पावसात येणारी भुतं) लागलेली असेल तेव्हा गाडी वळवायला वेळ नसतो. खाणीवर पण सगळे असेच लावायचे म्हणे.

आणि रस्त्यावर बॅटरी खर्च होत नाही, उलट चार्ज होते, म्हणून डोंगराच्या पायथ्यापर्यंतचा रस्ता पूर्ण कर. क्रिस्टल, मेटल, सिरॅमिक लागतं, त्यातलं मेटल आणि सिरॅमिक म्यूल लोकांच्या, म्हणजे माल लुटणाऱ्यांच्या, कॅम्पमध्ये पडलेलं असतं, त्यांचाच ट्रक भरून आणायचा.

साखळीची_मास्तरीण
बाबांना नमस्कार सांगा. वाचून बरं वाटलं खूप.

वाळपईचो_पोर्टर
आमच्या काकांचा पण ट्रक होता उसगावला. बाबांना माझाही नमस्कार.

बरं मी काल ताईंनी सांगितलं तसं केलं. माल ६५ किलो, ऑल टेरेन स्केलेटन, दोन शिड्या, दोन अँकर, स्प्रे, जादा बूट क्लिपला. मॅप तिरका करून खिंड शोधली, खरंच होती, मी आधी तिच्या बाजूच्या सुळक्यावरून जात होतो. पोचलो!! पण नुकसान झालंच, शेवटच्या उतारावर, तुम्ही सांगितलेल्या जागीच. अँकर होता पण लावायचा कुठे तेच कळेना, अंधारल्यासारखं झालेलं आणि मी घाई केली. आणि अजूनही एकही दुसऱ्याची वस्तू दिसत नाही. हे बरोबर आहे का?

फोंड्याची_नकाशेवाली
तो भाग कायरल नेटवर्कला (गेममधलं इंटरनेटसारखं जाळं) जोडला आहेस का? जोडेपर्यंत दुसऱ्यांचं काही दिसत नाही, पहिली फेरी प्रत्येकाने एकट्यानेच करायची असते, ते मुद्दाम तसं ठेवलंय. पण जोडला असशील तर दिसायला पाहिजे.

वाळपईचो_पोर्टर
जोडलंय. टर्मिनलवर सॅमने ते गळ्यातलं लावून केलं ना ते. तिथला प्रेपर आता मेल पण पाठवतो.

पर्वरी_पार्सल
नेट चालू आहे का तुझं गेममध्ये? ऑफलाइन असलास तर गेम चालतो पण लोकांचं काही येत नाही.

वाळपईचो_पोर्टर
अरे देवा.

झाड पडून केबल तुटलीय आमच्या वाड्यावर नऊ दिवस झाले, मी फोनवरून इथे लिहितोय आणि लॅपटॉपला नेटच नाही. गेम काही बोलला नाही म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे नऊ दिवस मी एकटाच त्या डोंगरात होतो.

काणकोण_नाईट_ओल
हॉटस्पॉट दे फोनचा. फक्त बाकीचे अपडेट बंद ठेव.

साखळीची_मास्तरीण
मी सहसा लिहीत नाही, वाचते फक्त, पण हे एकट्याचं वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या आजीचं सावई वेरेला कुळागर होतं, माडपोफळीची बाग. मध्ये ओहोळ, आणि ओहोळावर साकव, माडाचं खोड किंवा दोन पोफळी आडव्या टाकलेल्या. दर पावसात तो जायचा. आणि दर वर्षी पाऊस ओसरला की कोणीतरी परत टाकायचं, कधी आजोबा, कधी पलीकडच्या कुळागरातले, कोणी टाकला ते विचारायची पद्धत नव्हती. मी लहान असताना मला वाटायचं साकव आपोआप येतो.

हा गेम माझ्या मुलाने मला दाखवला, मी शाळेतून रिटायर झाल्यावर. पहिल्यांदा नदीवर कोणीतरी अनोळखी माणसाने टाकलेली शिडी दिसली, गंजलेली, अर्धी मोडायला आलेली, आणि मला तो साकवच आठवला. गेममध्ये पण टाइमफॉल सगळ्या वस्तू हळूहळू खातो, आणि पूल शेल्टरसारखी बांधकामं कोणी क्रिस्टल घालून दुरुस्त केली नाहीत तर नाहीशी होतात. मी तेव्हापासून रोज एक तास फक्त दुसऱ्यांची बांधकामं दुरुस्त करत फिरते, ऑर्डर घेतच नाही. माझा मुलगा म्हणतो आई तुझी स्टोरी पुढे जात नाही. नाही जात तर नाही जात.

पण तुमच्या प्रश्नाला धरून बोलते. मला वाटतं तुम्ही माल घेऊन रूट शोधताय. रूट रिकाम्या हाताने शोधा. एक फेरी फक्त सामान घेऊन जा, शिड्या, अँकर, शेल्टर बांधायला पीसीसी (बांधकामाचं यंत्र), माल अजिबात नको. पडलात तरी काही तुटत नाही म्हणून भीती नसते, भीती नसली की डोळे नीट बघतात. अँकर कुठे लावायचा ते त्याच फेरीत दिवसाउजेडी ठरवायचं आणि तिथेच लावून यायचं. मग मालाच्या फेरीला तुम्ही तुमच्याच वाटेवरून जाता.

फोंड्याची_नकाशेवाली
बाय, तुम्ही एवढा वेळ गप्प का होता? दोनशे तासांत मला हे कोणी सांगितलं नाही. मी नेहमी पहिल्याच फेरीला माल घेते कारण वाटतं वेळ वाया जातो. पण माल तोडून तीनदा जाण्यापेक्षा हे कमीच.

पर्वरी_पार्सल
आमच्यात नवीन मुलगा आला की पहिला दिवस त्याला पार्सल देत नाहीत, कोणाच्या तरी मागे बसवून फिरवतात. वाडे बघून घे म्हणतात. मी आत्तापर्यंत गेममध्ये हे कधी लावून बघितलं नव्हतं.

मडगावकर८९
आणि त्या रिकाम्या फेरीतच झिपलाइनच्या जागा बघून ठेवायच्या. मास्तरीणबाईंचं आणि माझं दोन्ही एकत्र झालं बघा.

शेल्टरबद्दल एक. टाइमफॉल शेल्टर खाली उभं राहिलं की कंटेनर आपोआप नीट होतात, स्प्रे वाचतो. पण बर्फाच्या डोंगरात मी शेल्टर बरोबर मध्यात नाही ठेवत, खिंडीच्या अलीकडे ठेवतो. खिंडीत वादळ आलं तर मागे फिरून थांबायला जागा पाहिजे, पुढे जाऊन नाही. जनरेटर मात्र पलीकडे, कारण स्केलेटनची बॅटरी चढावरच संपते आणि उतारावर लागते.

डिचोलीचा_टिपरवाला
बाबा विचारतायत की माल दोन हप्त्यांत नेता येत नाही काय. म्हणजे अर्धा शेल्टरखाली ठेवून परत येऊन उरलेला न्यायचा. मी म्हटलं येतो, खाली ठेवता येतो, फक्त पावसात उघडा ठेवायचा नाही. ते म्हणाले मग सगळेच तसं का करत नाहीत. ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वेळेची अट नसेल तर खरंच करावं.

काणकोण_नाईट_ओल
पिझ्झावाली ऑर्डर आली का तुला? ती आली की हे सगळं विसर, ती वेगळीच.

वाळपईचो_पोर्टर
त्या इंग्लर्ट नावाच्या गिऱ्हाइकाची? एक आली होती, पोचवली, पण डबा उभा लावलेला मी, आत सगळं एका बाजूला गेलं असणार.

फोंड्याची_नकाशेवाली
पिझ्झा आडवाच राहायला पाहिजे, ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं पण आपण वाचत नाही. ऑर्डर घेताना खालचं बारीक अक्षर वाचायची सवय लाव, पाण्याला लावू नका, आडवं ठेवा, धक्का नको, सगळं तिथे असतं. त्याच्यावरून रूट ठरतो. पाण्याला चालत नाही अशा मालासाठी मी नदीच ओलांडत नाही, कितीही लांब पडलं तरी. स्कॅन केल्यावर पाणी निळं दिसलं तर पाय टेकतात, पिवळं दिसलं तर चालता चालता स्टॅमिना जातो, लाल म्हणजे वाहून गेलाच. पण निळ्यात सुद्धा दगडावर पाय घसरतो कधी कधी.

साखळीची_मास्तरीण
आणि पिझ्झाला घाईने पळू नका. ऑर्डरीत वेळेची अट नसेल तर हळू गेलं तरी चालतं त्यात.

पर्वरी_पार्सल
मला बीटीबद्दल विचारायचंय इथेच. जंगलातून जाताना, विंड फार्मच्या बाजूला, माल जड असेल तर तुम्ही वाकून श्वास रोखून जाता की वरून डोंगराच्या कडेने? मी दर वेळी पकडला जातो, मग डांबरात पडतो, माल सगळीकडे.

फोंड्याची_नकाशेवाली
वरून. विंड फार्मला माल असेल तर मी कधीच जंगलातून गेले नाही. झाडं संपतात तिथून वर खडकावरून जा, शिडी एक दोन लागतील, जरा फिरून पडतं पण बीटी नाहीत. टाइमफॉल जिथे आहे तिथे बीटी हे साधं गणित, पाऊस टाळलास की बहुतेक टळतं. आणि जायलाच लागलं जंगलातून तर श्वास एकदम संपेपर्यंत रोखू नको, थोडा रोख, सोड, थांब. ओड्राडेक (सॅमच्या खांद्यावरचा स्कॅनर) बीटीच्या दिशेला जोरात उघडझाप करायला लागला की त्या दिशेला पाठ करून बाजूला हो, सरळ मागे नको. बीबी (सॅमच्या छातीवरच्या डब्यातलं बाळ) रडायला लागलं तर आधी ते शांत कर मग पुढे.

मडगावकर८९
रक्ताचे ग्रेनेड दोन तरी ठेवा. पकडल्यावर काढायला वेळ नसतो म्हणून हातात आधीच.

वाळपईचो_पोर्टर
रिपोर्ट देतो. सविस्तर.

शनिवारी दुपारी हॉटस्पॉट लावला. गेममध्ये शिरलो आणि डोंगर बघून मी दोन मिनिटं काहीच केलं नाही. जिथे नऊ दिवस पांढरा बर्फ होता तिथे शिड्या, दोर, एक शेल्टर, लांबवर कोणाची तरी झिपलाइन, आणि खिंडीकडे जाणारी पायवाट, लोकांनी चालून चालून पडलेली, मी शोधलेल्या खिंडीतूनच. म्हणजे माझ्या आधी किती जणांनी ती खिंड शोधलेली. मला वाईट नाही वाटलं, उलट बरं वाटलं, की मी नेट नसताना एकट्याने तीच शोधली.

तरीही मास्तरीणबाईंनी सांगितलं तसं रिकामा गेलो आधी. माल नाही, फक्त सामान. दिवसाउजेडी. शेवटच्या उतारावर उभा राहून बघितलं तर अँकरला चांगली जागा डाव्या बाजूला होती, मी अंधारात उजव्या बाजूला शोधत होतो तेव्हा. तिथे अँकर लावला, दोर सोडून खाली वर दोनदा केलं. तिथून थोडं पुढे एक घळ होती तिच्यावर कोणाची शिडी होती पण एकदम गंजलेली. तिला लागून माझी एक नवीन शिडी टाकली. शेल्टर मडगावकरांनी सांगितलं तसं खिंडीच्या अलीकडे, जनरेटर पलीकडे, बँडविड्थ बरोबर पुरली.

मग संध्याकाळी माल घेतला, ७२ किलो, थोडा कमरेला, पाठ बुटकी. वादळ मध्येच आलं, मागे फिरून शेल्टरखाली थांबलो, आई जेवायला बोलवत होती तेवढ्यात जेवून आलो, तोपर्यंत वादळ गेलेलं आणि कंटेनर पण नीट झालेले. उतारावर दोर धरून उतरलो. एस रँक! नुकसान थोडं झालं पण ते खिंडीत एकदा पाय घसरला तेव्हाचं, दोन्ही ट्रिगर दाबायला उशीर झाला.

आणि आज सकाळी उघडलं तर माझ्या त्या शिडीला लाइक आलेत. कोण लोक आहेत माहीत नाही. सतरा.

साखळीची_मास्तरीण
सतरा म्हणजे बरेच झाले की. शिडी कुठल्या घळीवर आहे, मॅपवर कुठे ते सांगा बघू. आमच्या सर्व्हरला आली असेल तर मी पण लाइक देते.

डिचोलीचा_टिपरवाला
बाबा म्हणतायत ट्रक पायथ्याला लावलेला का ते विचार.

वाळपईचो_पोर्टर
लावलेला. तोंड परतीच्या दिशेला करून.

मास्तरीणबाई, माउंटन नॉट सिटीतून खिंडीकडे निघालात की पहिला मोठा सुळका डावीकडे ठेवा, खिंड ओलांडल्यावर दोर दिसेल माझा, त्याच्या खाली उतरलात की समोरच. दोन शिड्या शेजारी शेजारी आहेत, एक जुनी एक नवीन. जुनीला पण द्या जमलं तर.